अनुशेष कोटींत नव्हे, हेक्टरांत मोजा

विदर्भ-मराठवाड्याच्या अनुशेषाचा, म्हणजे राज्याच्या सरासरीच्या तुलनेत विकासात राहिलेल्या तुटीचा, विषय निघाला की लगेच कोटींचे आकडे पुढे येतात. ही तूट मोजणाऱ्या दांडेकर समितीचे १९८४ चे ३,१८६ कोटी, नंतर निर्देशांक व अनुशेष समितीचे, १ एप्रिल १९९४ च्या स्थितीवरचे सुमारे १४,००० कोटी. पण कोटी ही या हिशोबातली शेवटची पायरी आहे, आणि सगळ्यात कच्चीही तीच.

पद्धत अशी: राज्याची सरासरी काढायची, तिच्याखालच्या जिल्ह्याची तूट हेक्टर, किलोमीटर अशा एककात मोजायची आणि मग खर्चाच्या दराने गुणायची. समजा, राज्याचं सिंचन ३० टक्के, जिल्ह्याचं १८ आणि पेरणीक्षेत्र ५ लाख हेक्टर. तूट ६०,००० हेक्टर. हेक्टरी ३ लाख दराने १,८०० कोटी. कामं रखडली, दर ५ लाखांवर गेला, की त्याच १,८०० कोटींत ३६,००० हेक्टरच भिजतात. कागदावर पूर्ण निधी दिलेला असतो, शिवारात मात्र २४,००० हेक्टर कोरडेच राहतात. शिवाय दरम्यान राज्याची सरासरी वर सरकली, तर खरी तूट याहून मोठी.

दुसरी गफलत जास्त घातक आहे. 'निर्मित सिंचन क्षमता' म्हणजे भिजलेलं रान नव्हे. धरण झालं, मुख्य कालवा झाला, पण वितरिका आणि चाऱ्या (कालव्यातून शेतांपर्यंत पाणी नेणाऱ्या लहान वाहिन्या) अपुऱ्या असतील तर शेवटच्या शेतापर्यंत पाणी येत नाही. म्हणून क्षमता आणि प्रत्यक्ष भिजलेलं क्षेत्र हे दोन वेगळे रकाने हवेत, तेही हंगामवार. उसाचा एक हेक्टर आणि रब्बी ज्वारीचा एक हेक्टर सारखा धरला तर तुलनाच कोसळते. रब्बी समतुल्य हेक्टर, म्हणजे पाण्याच्या गरजेनुसार रब्बी पिकाच्या हिशोबात बदललेलं क्षेत्र, त्यासाठीच वापरतात.

दरडोई जिल्हा उत्पन्नावर तर मी अजिबात विसंबणार नाही. उत्पादन जिथे होतं तिथे ते मोजलं जातं. चंद्रपूरचा कोळसा आणि वीज चंद्रपूरच्या खात्यावर चढते. नफा कुठे जातो, त्याच जिल्ह्यातल्या जिवती तालुक्यातल्या घरात किती येतं, हे त्यात दिसत नाही.

जिल्ह्याची सरासरीही फसवी. नाशिकमध्ये बागायती निफाडही आहे आणि दुर्गम, आदिवासी सुरगाणा, पेठही. प्रादेशिक समतोल विकासासाठी नेमलेल्या केळकर समितीने तालुका हे एकक धरलं, ते मला पटतं. त्यामुळे विदर्भ-मराठवाड्यासारख्या विभागाचा हक्क विरघळतो, हा आक्षेप गंभीर आहे. पण तालुक्यांची बेरीज करून विभाग मांडता येतो. जिल्ह्याच्या सरासरीतून तालुका काढता येत नाही.

विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठीच्या विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. ती पुन्हा येवोत न येवोत, दर वर्षी तालुकावार तक्ता जाहीर व्हायला हवा: पेरणीक्षेत्र, निर्मित क्षमता, हंगामवार भिजलेलं क्षेत्र, अपूर्ण चाऱ्यांची लांबी आणि त्या वर्षीचा हेक्टरी दर.