पडद्यावरच्या एकोणिसाव्या शतकाला एवढी घाई का?

एकोणिसाव्या शतकावरचा मराठी चित्रपट लागला की मी तो आवर्जून पाहतो आणि दर वेळी एकाच गोष्टीवर अडतो. पात्रांची पगडी, उपरणे, नऊवारी सारे त्या काळाचे असते, मन मात्र आजचे असते. ज्या सुधारणेपायी माणसांची अर्धी आयुष्ये गेली, ती एका भाषणात उरकते. संगीत चढते, आणि विरोध करणारे तेवढे दुष्ट ठरतात.

याउलट लक्ष्मीबाई टिळकांचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ उघडावे. लक्ष्मीबाई आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या, जन्म 1868 चा. वडिलांचे सोवळे इतके कडक की बाहेरून आलेला जिन्नस धुतल्यावाचून घरात घ्यायचा नाही. आणि हा सारा जाच त्या जराही कडवटपणा न आणता, मिश्कीलपणे सांगतात. 1895 मध्ये त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि संसार दुभंगला. काही काळाने त्या नवऱ्याकडे परत गेल्या खऱ्या, पण सुरुवातीला चूल वेगळी, पाणी वेगळे. नवऱ्यावर जीव आहे, त्याच्यासाठी नातलगांचा रोष पत्करला आहे, आणि तरीही त्याचा विटाळ होतो! हे सोवळे कोणाच्या व्याख्यानाने सुटले नाही, रोजच्या व्यवहारात थोडे थोडे सैल होत गेले, आणि 1900 मध्ये त्यांनी स्वतःही बाप्तिस्मा घेतला. पटकथाकाराला याहून अधिक नाट्य कशात हवे आहे, हे मला खरोखरच कळत नाही.

आनंदीबाई जोशी 1886 मध्ये अमेरिकेत डॉक्टर झाल्या. त्यांना शिकवण्याचा ध्यास त्यांचे पती गोपाळराव यांचा, आणि लहानपणी त्यांनी केलेल्या मारहाणीचा उल्लेख आनंदीबाईंच्याच पत्रात आहे. यातले एक गाळून दुसरे ठेवले की देवमाणूस तरी उरतो किंवा राक्षस तरी.

वाडे आणि घाट हुबेहूब दिसावेत म्हणून चित्रीकरणासाठी वाईजवळची मेणवली गाठण्याला माझा आक्षेप नाही. (दादासाहेब फाळके 1870 मध्ये आपल्याच त्र्यंबकेश्वरी जन्मले, तेव्हा नाशिककराला थोडा हेवा वाटणारच.) पण वाड्यावर जेवढा खर्च होतो, त्याच्या चौथाईने तरी वेळ त्या काळची पत्रे आणि आत्मचरित्रे वाचण्यात जावा. आपल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाची स्थापनाच 1840 ची आहे. कोणा दिग्दर्शकाची इच्छा असेल तर सोबत यायला मी तयार आहे.