एकशिक्षकी शाळेचा निकाल कसा मोजणार?
शिक्षकांची पगारवाढ मुलांच्या निकालाशी जोडावी, असं एका लेखात म्हटलंय. कल्पना अगदीच टाकाऊ नाही. आंध्र प्रदेशात २००५ पासून ग्रामीण सरकारी शाळांत असा बोनस देऊन पाहिला, दोन वर्षांत गणित आणि भाषेचे गुण वाढले. न्यूयॉर्कमध्ये मात्र हाच प्रयोग फसला आणि गुंडाळावा लागला.

आपल्याकडे गोव्यात काय? सत्तरी, सांगे, काणकोणच्या वाड्यांवरच्या सरकारी प्राथमिक शाळा बघा. एकच बाई चारही वर्ग घेणार, माध्यान्ह आहाराच्या नोंदी ठेवणार, निवडणूक आली की मतदारयादी घेऊन घरोघर फिरणार (शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने शिक्षकांना अशैक्षणिक कामं देण्यास बंदी आहे, पण निवडणुकीच्या कामाला त्यातून सूट आहे). पटावर जेमतेम आठ-दहा मुलं. त्यातली दोन परीक्षेच्या वेळी तापाने पडली की निकाल कोसळला! मग बाईंची वाढ रोखणार?

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात शिक्षकांना वर्षाला ५० तास प्रशिक्षण आहे. तेही सभागृहात स्लाइड दाखवून उरकलं जातं. त्यापेक्षा भागशिक्षणाधिकाऱ्यांनी वर्गात मागच्या बाकावर तासभर बसावं, काय शिकवलं ते बघावं आणि महिन्याभराने परत यावं. सध्या रजिस्टर तपासून, चहा घेऊन गाडी निघते.