साखळ्या, गाड्या आणि शब्द : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

'जूसी' या गाण्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय की रॅप म्हणजे शिव्या, सोन्याच्या साखळ्या आणि गाड्यांची जंत्री, त्यात कविता शोधायला जाऊ नये. शिवाय विचारलंय, पैसा आला तर घर घ्यावं, गळ्यात किलोभर सोनं कशाला? प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

अमेरिकन रॅपर नोटोरियस बी.आय.जी.चं ते १९९४ चं गाणं पुन्हा ऐका आणि तो नेमकं काय मिरवतोय ते बघा. पन्नास इंची टीव्ही, चामड्याचा सोफा, व्हिडिओ गेम, दोन हजार डॉलरचं फोनबिल. खानदानी श्रीमंत माणूस यातलं काही बोलूनही दाखवणार नाही. आणि याच ओळींना लागून काय येतं? रात्रीच्या जेवणाला सार्डिन मासे, पाणउतारा करणारा घरमालक, थंडीत हीटर नसलेलं घर, दाराशी न फिरकलेला नाताळ. आता मिरवलेली प्रत्येक वस्तू तेव्हाच्या नसण्यावर बोट ठेवते. ते नसणं तुम्ही ऐकलंच नाहीत, तर जंत्रीच उरणार. सुरुवातीलाच तो, तुझ्या हातून काही होणार नाही म्हणणाऱ्या शिक्षकांना अल्बम अर्पण करतो, तेही लक्षात घ्या.

आता घराचं. १९३० च्या दशकात अमेरिकेत सरकारी यंत्रणेनंच शहरांचे नकाशे काढून कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगात दाखवल्या. त्या भागात घरकर्ज मिळणं जवळजवळ अशक्य झालं. कायद्यानं या भेदभावाला बंदी आली ती थेट १९६८ मध्ये. ज्यांच्या आजोबांना बँकेनं दारात उभं केलं नाही, त्यांची नातवंडं पैसा अंगावर घालून हिंडली, याचं मला तरी नवल वाटत नाही.

न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत, १२५व्या रस्त्यावर, डॅपर डॅन या शिंप्याचं दुकान होतं, १९८२ पासूनचं. बड्या फॅशन कंपन्यांची बोधचिन्हं चामड्यावर छापून तो रॅपर आणि बॉक्सरांसाठी जॅकेटं शिवायचा. कंपन्यांनी कोर्टकचेऱ्या आणि छापे मागे लावले, १९९२ मध्ये दुकान बंद पडलं. २०१७ मध्ये गुच्ची या बड्या फॅशन कंपनीनं त्याच्याच जुन्या जॅकेटसारखं जॅकेट बाजारात आणलं, गदारोळ उठला, मग त्यालाच भागीदारीत घेतलं. प्रदर्शन तेच होतं. कुणी केलं, यावर त्याची किंमत ठरली.

आणि शब्द. रॅपर जे-झी न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या मार्सी या गरिबांसाठीच्या सरकारी वसाहतीत वाढला. २००५ च्या एका गाण्यात तो म्हणतो, मी बिझनेसमन नाही, मी बिझनेस आहे, मॅन! इंग्रजीत अक्षरं तीच, 'बिझनेसमन' आणि 'बिझनेस, मॅन', फक्त मध्ये श्वास घेतला की व्यापार करणारा माणूस स्वतःच अख्खा व्यवसाय होतो. आपल्या कलगी-तुऱ्याच्या फडात अशा कोटीवर वाहवा झाली असती. हे ज्या गाण्यात येतं त्याचा विषय माहीत आहे? सिएरा लिओनचे हिरे. तिथल्या यादवीत त्या हिऱ्यांच्या पैशानं शस्त्रं आली, माणसांचे हात तोडले गेले. हे गाणं मुळात रॅपर कान्ये वेस्टचं, आणि तो त्यात गळ्यातल्या हिऱ्यांचा हिशोब स्वतःलाच विचारतो. तुमचा आक्षेप त्यानं तुमच्याआधी घेतलाय, आणि तोही साखळी घालून.

तुमच्या एका मुद्द्याचा मात्र मी प्रतिवाद करणार नाही. गाडी, घड्याळ आणि बाई एकाच ओळीत मोजणारी गाणी ढिगानं आहेत. गरिबीचा इतिहास सांगून त्यांचं समर्थन करणं मला पटत नाही, कारण त्या बायकाही त्याच वस्त्यांमधल्या. पण याविरुद्धचा सगळ्यात खणखणीत आवाज बाहेरून आला नाही. क्वीन लतीफा या रॅपर बाईनं १९९३ मध्येच 'युनिटी' गाऊन, बाईला शिवीनं हाक मारणाऱ्याला तोंडावर जाब विचारला, आणि त्या गाण्याला ग्रॅमीही मिळालं. ते ऐका आणि त्याखाली काय लिहावंसं वाटतं ते जरूर कळवा.