जुनी नोंद कंसात

बटण हिरवं करा, साहेब म्हणाले. केलं. मग निळं. मग परत हिरवं, मग परत निळं. मंगळवारी रात्री दीड वाजता मी ते पुन्हा एकदा हिरवं केलं आणि कमिटच्या, म्हणजे कोडमधल्या बदलाच्या नोंदीच्या, शेऱ्यात मनात होतं तेच टंकलं: ‘साहेबांच्या लहरीखातर बटण पुन्हा हिरवं.’ एंटर मारला नि झोपलो.

या नोंदी ठेवायला गिट असतं तर हे पचलं असतं. गिटमध्ये कमिट आपल्याच लॅपटॉपवर पडून राहतो. सकाळी डोकं ताळ्यावर आलं की शेरा बदलायचा आणि मग पुश करायचं, म्हणजे सर्व्हरवर चढवायचं. लिनस टोरवाल्ड्सनी २००५ साली काढलेलं गिट सगळ्या जगानं घेतलं. एसक्यूलाइट डेटाबेसवाल्या रिचर्ड हिप यांचं, त्याच कामाचं फॉसिल घेतलं आमच्या साहेबांनी. एकाच फायलीत कोड, तिकिटं (कामांच्या नोंदी), विकी, चर्चा, सगळा संसार. फुकट आहे, हा साहेबांचा खरा मुद्दा. पण त्यात ऑटोसिंक असतं. इकडे कमिट केला की तिकडे सर्व्हरवर हजर. आणि झालेला इतिहास बदलायचा नाही, हे तर त्याचं ब्रीदच.

सकाळी पोचलो तर अण्णा टाइमलाइन वाचत होते. मोठ्यानं. अण्णा म्हणजे साहेबांचे वडील, निवृत्त तलाठी. घरी एसी नाही म्हणून ऑफिसात बसतात. पेपर दहा मिनिटांत संपतो, मग आमचे कमिट.

“‘लहरीखातर’. शब्द झकास आहे,” अण्णा म्हणाले. “पण फेरफारात कारण असं लिहीत नाहीत.”

“अण्णा, तो फेरफार नाही, कमिट आहे.”

“कोणी केला, कधी केला, काय बदललं. मग फेरफार नाही तर काय मुंज आहे? मंडळ अधिकाऱ्यानं नामंजूर केला असता.”

मी गुपचूप जागेवर जाऊन अमेंड चालवलं. नवा शेरा: ‘बटणाचा रंग बदलला.’ मिनिटभरात अण्णांचा आवाज, “अरे वा!” त्यांनी नोंदीवर क्लिक केलं होतं. वर सुधारित शेरा, खाली मूळ शेरा. दोन्ही शाबूत.

“हे बरंय हो! सातबाऱ्यावर आम्ही जुनं नाव कंसात टाकायचो, खोडायचो नाही. खाडाखोड केली की नोकरीवर गदा. तुझी लहर बघ, कंसात गेली, पण वाचता येते.”

माझी नव्हे हो, साहेबांची लहर! पण हे बोलणार कसं? साहेब मागेच उभे होते.

फॉसिलमधून एखादी नोंद कायमची घालवायची सोय आहे. तिला ‘शन’ म्हणतात, म्हणजे चक्क वाळीत टाकणं. त्याला ॲडमिनचे हक्क लागतात. ॲडमिन कोण, ते सांगायला नकोच.

साहेब चिडले नाहीत, ते जास्त झोंबलं. त्यांनी नुसतं स्क्रीनकडे बोट दाखवलं. “आठ वाजता तर काम संपलेलं दिसतंय. मग एवढा त्रागा कशाला?”

आठ! फॉसिल आपण होऊन वेळ दाखवतं ती यूटीसीमध्ये, म्हणजे ग्रीनविचच्या वेळेत, आपल्या साडेपाच तास मागे. माझे रात्रीचे दीड तिथे आदल्या दिवशीचे २०:०० होऊन बसले होते. हे मी समजावून सांगितलं. “बरं बरं,” साहेब म्हणाले. लहर तेवढी अक्षरशः जतन, आणि जागरण ग्रीनविचच्या हिशेबात जमा! ओव्हरटाइम आमच्याकडे नाहीच, तो भाग वेगळा. कुठल्या ओळीला कोण जबाबदार हे दाखवणारी ‘ब्लेम’ कमांड फॉसिलमध्ये ‘प्रेझ’, म्हणजे कौतुक, या नावानंही चालते. यादी तीच येते, माणसं तीच. पण तीन वर्षांत आमच्याकडे कोणी ‘प्रेझ’ टाइप केलेलं मी पाहिलेलं नाही.

शुक्रवारी बटण निळं झालं. शेऱ्यात मी फक्त ‘बटण निळे केले’ एवढंच लिहिलं, एक शब्द जास्त नाही. जेवून आलो तर माझ्या नावावर नवं तिकीट, अण्णांच्या लॉगिनवरून:

‘कारण नमूद नाही. सात दिवसांत पूर्तता करावी.’