पेटंटवर नावं दोघांची, वाटा एकालाच

भारतात पेटंटची चर्चा निघाली की आधी आकडा पुढे येतो. २०१४-१५ मध्ये आपल्या पेटंट ऑफिसने ५,९७८ पेटंट मंजूर केली होती, २०२३-२४ मध्ये ती १ लाख ३ हजारांच्या वर गेली. ठाण्यातल्या आमच्या इंजिनिअरिंगच्या बॅचच्या ग्रुपवर ही बातमी आली आणि नेहमीप्रमाणे दोन तट पडले. एका तटाला छाती फुगवायला कारण मिळालं. दुसरा तट म्हणाला, यातली बरीच कॉलेजांनी गुण मिळवण्यासाठी केलेली कागदी पेटंट आहेत. एनआयआरएफच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या कॉलेजांच्या क्रमवारीत पेटंटना गुण असतात हे खरंच आहे. नवी मुंबईतल्या एका कॉलेजात शिकवणाऱ्या मित्राने सांगितलं की त्यांच्याकडे प्रत्येक विभागाला वर्षाच्या सुरुवातीलाच अर्जांचं टार्गेट मिळतं.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. नवे परीक्षक नेमले गेले, वर्षानुवर्षं तुंबलेले अर्ज निघाले, हे चांगलंच झालं. टार्गेट देऊन शोध लागत नाहीत हेही खरं. पण जर्मनीत म्युनिकमध्ये बसून तो सगळा वाद वाचताना एक प्रश्न मला कुठेच दिसला नाही. पेटंटवर संशोधक म्हणून ज्याचं नाव छापलं जातं, त्या पगारदार माणसाला त्यातून काय मिळतं? माझ्या मते बाकी सगळ्या प्रश्नांच्या आधी हा विचारायला हवा.

मी वैद्यकीय उपकरणांच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये काम करतो. शरीरातून येणारा क्षीण सिग्नल भोवतालच्या नॉइजमधून वेगळा काढायचा, असं ते काम. सुरुवातीची वर्षं मी नवी मुंबईत ऐरोलीच्या एका कंपनीत होतो. तिथे आमच्या टीमच्या एका सर्किटवर पेटंट झालं, त्यावर माझंही नाव आहे. वार्षिक कार्यक्रमात स्टेजवर बोलावून काचेची ट्रॉफी दिली, टाळ्या झाल्या. ते सर्किट असलेलं उपकरण पुढे अनेक देशांत विकलं गेलं. आमच्यापैकी कोणाला त्यातला एक रुपया मिळाला नाही, आणि कायद्याप्रमाणे कंपनीने काहीही चूक केली नव्हती. मला टोचतं ते हेच.

आपला पेटंट कायदा १९७० चा. अर्ज कोणी करायचा हे त्यात कलम ६ मध्ये आहे, पेटंटवर संशोधकाचं नाव येण्याची सोय कलम २८ मध्ये आहे. नोकरीत असताना लावलेल्या शोधाचा मोबदला किती, कसा, कोणी ठरवायचा, यावर मात्र अवाक्षर नाही. मग सगळं ठरतं नेमणूकपत्रावर. नोकरीच्या पहिल्या दिवशी पीएफचा फॉर्म, बँक खात्याचा फॉर्म, आयकार्डसाठी फोटो आणि त्याच गठ्ठ्यात एक करार: नोकरीच्या काळात तुम्ही लावलेले सर्व शोध कंपनीचे. महापे असो, घणसोली असो, ऐरोलीचं माइंडस्पेस असो, त्या पानावर दोन ओळी बदलून द्या म्हणणारा बावीस-तेवीस वर्षांचा इंजिनिअर मी पाहिलेला नाही. त्याच्या हातात तेवढी ताकदच नसते.

जर्मनीत हे नेमणूकपत्रावर सोडलेलं नाही. नोकरदारांच्या शोधांसाठी इथे १९५७ पासून स्वतंत्र कायदा आहे. इथे आलो तेव्हा तो मी इंजिनिअरच्या अधाशीपणाने वाचून काढला. कर्मचाऱ्याने शोध लावला की त्याने तो लेखी कळवायचा. कंपनीने चार महिन्यांत तो सोडून दिला नाही, तर तिने तो घेतला असं धरलं जातं. घेतला की तिला निदान जर्मनीत तरी पेटंटचा अर्ज करावाच लागतो. एखाद्या देशात पेटंट घ्यायचं नसेल, तर त्या देशापुरता शोध कर्मचाऱ्याला मोकळा करून द्यावा लागतो. पुढे कधी पेटंट सोडून द्यायचं ठरलं, तर आधी त्याला विचारावं लागतं की तुला हवंय का. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वाजवी मोबदला. तो मिळणार नाही असं नेमणूकपत्रात लिहून घेता येत नाही. लिहून घेतलं तरी ते कायद्यापुढे टिकत नाही.

मोबदला कसा काढायचा याचीही मार्गदर्शक तत्त्वं १९५९ पासून आहेत. शोध बाहेरच्या कोणाकडून घेतला असता तर किती रॉयल्टी द्यावी लागली असती, ती शोधाची किंमत. तिला कर्मचाऱ्याच्या वाट्याच्या टक्केवारीने गुणायचं. ही टक्केवारी तीन गोष्टींवरून ठरते: प्रश्न कंपनीने समोर ठेवला होता की त्याने स्वतः शोधला, उत्तर काढताना कंपनीची साधनं आणि ज्ञान किती वापरलं, आणि त्याचं कंपनीतलं पद काय. शोध लावणं हेच ज्याचं काम, त्या संशोधन प्रमुखाला कमी टक्के आणि दुरुस्ती विभागातल्या तंत्रज्ञाला जास्त. समजा एका सेन्सरची विक्री १ कोटी युरो झाली आणि रॉयल्टीचा दर २ टक्के धरला, तर शोधाची किंमत २ लाख युरो. वाटा १५ टक्के ठरला तर ३० हजार युरो. संशोधक तिघं असतील तर ते आपसांत वाटून घेतात. घर घेण्याइतकी रक्कम नाही, पण आपण केलेल्या कामाचा तो हिशेब असतो, आणि तो मागायचा हक्क असतो.

वाद झाला तर थेट कोर्टात जावं लागत नाही. म्युनिकमध्ये इसार नदीच्या काठी युरोपियन पेटंट ऑफिस आहे, त्याच्या जवळच जर्मन पेटंट ऑफिस. तिथे खास या तंट्यांसाठी लवाद मंडळ बसतं आणि त्याची फी नाही. नोकरीत असलेला माणूस मालकाविरुद्ध तक्रार घेऊन जाऊ शकेल अशी ही जागा आहे. (इथल्या कंपन्यांना या कायद्याची कटकट वाटते, हेही सांगायला हवं. हिशेब किचकट पडतो म्हणून बऱ्याच कंपन्या एकरकमी पैसे देऊन पुढचे हक्क विकत घेतात. पण विकत घेतात, फुकट नाही.)

आता नवी मुंबईचा प्रश्न. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आज परदेशी कंपन्यांची संशोधन केंद्रं आहेत, त्यात जर्मन कंपन्याही आल्या. एकाच प्रकल्पावर दोन देशांत काम चालतं आणि एकाच पेटंटवर दोन नावं येतात, एक जर्मनीच्या बव्हेरिया राज्यातलं आणि एक ऐरोलीतलं. शोध एक, कंपनी एक, विक्री एक. बव्हेरियातल्या माणसाला कायद्याने वाटा मिळतो. ऐरोलीतल्याला कंपनीच्या मर्जीने मिळेल ते बक्षीस, कारण जर्मन कायदा जर्मनीतल्या नोकरीला लागू होतो आणि आपल्याकडे तसा कायदाच नाही. माझा एक जुना सहकारी आज याच जागी आहे. त्याची हुशारी माझ्यापेक्षा कमी नाही. फरक नेमणूकपत्रावरच्या पत्त्याचा.

भारत सरकारला या शोधांची खबर नसते असंही नाही. भारतात राहणाऱ्याने लावलेला शोध थेट परदेशात नोंदवायचा असेल तर कलम ३९ प्रमाणे आधी आपल्या पेटंट ऑफिसची परवानगी लागते. म्हणजे शोध देशाबाहेर कसा जातो याची काळजी कायदा घेतो. तो लावणाऱ्याच्या पदरात काय पडतं, याची घेत नाही.

‘पगार मिळतो ना, मग आणखी काय हवं?’ हा प्रश्न मला दर सुट्टीत ऐकवला जातो, आणि तो फक्त मालक विचारत नाहीत. त्याला उत्तर म्हणून मी तीन माणसांची नावं सांगतो. शुजी नाकामुरा जपानमधल्या निचिया कंपनीत होते. आज घराघरात पांढरे एलईडी दिवे आहेत, त्यांच्यामागे त्यांनी घडवलेला निळा एलईडी आहे. कंपनीने त्यांना दिले २० हजार येन. ते कोर्टात गेले. २००४ मध्ये टोकियोच्या कोर्टाने २० अब्ज येन द्या म्हटलं आणि २००५ मध्ये सुमारे ८४ कोटी येनवर तडजोड झाली. २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना आणखी दोघांबरोबर विभागून मिळालं. दुसरे फुजिओ मासुओका. पेन ड्राइव्ह, मोबाइल, कॅमेऱ्याचं कार्ड, सगळीकडे असलेली फ्लॅश मेमरी त्यांनी तोशिबात असताना शोधली. त्यांनी १०० कोटी येनचा दावा लावला आणि २००६ मध्ये ८ कोटी ७० लाख येनवर तो मिटला.

तिसऱ्यांचं काम माझ्या धंद्याला सगळ्यात जवळचं आहे. इयान शँक्स इंग्लंडमध्ये युनिलिव्हरच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते. १९८२ मध्ये त्यांनी रक्तातली साखर मोजण्याचं एक छोटं सेन्सर घरी जुळवलं, मुलीच्या खेळण्यातल्या मायक्रोस्कोपच्या काचपट्ट्या आणि कागदाला लावायचे चिमटे वापरून. बोटातून थेंबभर रक्त आपोआप आत ओढून घेणारं हे तंत्र पुढे घरगुती ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांमध्ये वापरलं गेलं. कंपनीला त्या पेटंटमधून सुमारे २ कोटी ४० लाख पौंड मिळाले. ब्रिटिश कायद्यात अपवादात्मक फायदा झाला तरच मोबदला मिळतो, आणि तो सिद्ध करायला शँक्सना कोर्टात तेरा वर्षं लागली. २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २० लाख पौंड दिले. तोवर ते निवृत्त झाले होते. आपल्याकडे घरोघरी आई-वडील सकाळी उपाशीपोटी बोट टोचून साखर पाहतात. असं काही उद्या रबाळ्याच्या एखाद्या लॅबमध्ये सुचलं, तर शँक्ससारखं तेरा वर्षं भांडायलाही त्या इंजिनिअरकडे कलम नाही.

अमेरिकेचं उदाहरण माझ्याविरुद्ध जातं, आणि ते टाळण्यात अर्थ नाही. तिथेही असा देशव्यापी कायदा नाही, करारावरच चालतं, तरी शोध थांबलेले नाहीत. पण तिथे इंजिनिअर आज इथे, उद्या समोरच्या इमारतीत जाऊ शकतो, शेअर्स मिळवतो. कॅलिफोर्नियात तर आपल्या वेळात, आपल्या साधनांनी केलेला आणि कंपनीच्या धंद्याशी संबंध नसलेला शोध कंपनीला करारानेही घेता येत नाही. आपल्याकडे तीन महिन्यांच्या नोटिसीत अडकलेल्या माणसाला अमेरिकेची मुक्त बाजारपेठ दाखवणं मला पटत नाही.

वागळे इस्टेटमधल्या लहान कारखानदाराचं म्हणणं मात्र मला वजनदार वाटतं. पैसा त्याचा, कर्ज त्याचं, पेटंटच्या नूतनीकरणाची फी तो भरतो, आणि दहातले नऊ प्रयोग फसले तरी पगार कापत नाही. त्याच्यावर जर्मन पद्धतीचा हिशेब लादला तर तो पेटंटच्या वाटेलाच जाणार नाही. म्हणून लहान उद्योगांना विक्रीच्या एका मर्यादेपर्यंत सूट असावी, असं माझं मत आहे. ज्या कंपन्यांची संशोधन केंद्रं काचेच्या मनोऱ्यांत आहेत आणि ज्या जर्मनीत हाच मोबदला मुकाट्याने देतात, त्यांना ही सबब लागू नाही.

पैशापलीकडेही यात एक कारण आहे, आणि रोजच्या कामात ते मला स्पष्ट दिसतं. हिशेब मिळणार हे माहीत असलं की माणूस सुचलेलं बोलतो. भौतिकशास्त्रज्ञ पीटर ग्रुनबर्ग यांच्या जर्मनीतल्या युलिशच्या सरकारी संशोधन केंद्राने १९८८ मध्ये चुंबकीय थरांमधल्या एका परिणामाचा त्यांचा शोध, त्यावरचा निबंध छापण्याआधी, पेटंटसाठी नोंदवला. त्याच सुमाराला फ्रान्समध्ये अल्बेर फेर यांनीही तोच परिणाम शोधला होता. २००७ चं नोबेल दोघांना मिळालं, पेटंट युलिशकडे राहिलं. त्या परिणामामुळे १९९७ नंतर हार्ड डिस्कची क्षमता झपाट्याने वाढली आणि लायसन्सचे पैसे त्या सरकारी केंद्राला मिळाले. महापे, रबाळे, ऐरोलीत आज डेटा सेंटरच्या खिडक्या नसलेल्या प्रचंड इमारती उभ्या आहेत. जमीन आपली, पाणी आपलं, वीज आपली. आत फिरणाऱ्या डिस्क आणि लागणाऱ्या चिप यांच्यामागचे शोध जवळजवळ सगळे बाहेरचे. हे बदलायचं तर नवी मुंबईतल्या माणसाला कल्पना स्वतःजवळ दाबून ठेवण्यापेक्षा सांगणं फायद्याचं वाटलं पाहिजे.

आपल्याकडे सुरुवात झालेलीच नाही असं नाही. सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळांमध्ये आणि आयआयटींमध्ये लायसन्सच्या उत्पन्नातला वाटा संशोधकाला देण्याची धोरणं आहेत. सरकारी पैशातून झालेल्या संशोधनासाठी २००८ मध्ये राज्यसभेत एक विधेयक आलं होतं, त्यात संशोधकाच्या वाट्याची तरतूद होती. नंतर ते मागे घेतलं गेलं. मार्च २०२४ मध्ये पेटंटचे नियम बदलले तेव्हा संशोधकाला अर्ज करून स्वतःच्या नावाचं प्रमाणपत्र मिळवायची सोय झाली. हे मला मनापासून आवडलं. पण खासगी कंपनीतला पगारदार इंजिनिअर, म्हणजे ठाणे-बेलापूर पट्ट्यातले बहुतेक सगळे, प्रमाणपत्रापुढे कुठेच नाही.

पेटंट कायद्यात एक छोटं प्रकरण घातलं तरी पुरे. नेमणूकपत्राने मोबदल्याचा हक्क काढून घेता येणार नाही, आणि कंपनीला नको असलेला शोध ठरावीक मुदतीत संशोधकाला परत मिळेल, एवढं त्यात असावं. अँटॉप हिलला मुंबईच्या पेटंट ऑफिसात एक बिनफीचं लवाद मंडळही बसवता येईल. विषय केंद्राचा आहे, म्हणून ठाण्याच्या आणि रायगडच्या खासदारांकडे हे मागायला हवं. मेट्रो आणि विमानतळाइतकं ते मतं खेचणारं नाही, पण या पट्ट्यात राहणाऱ्या इंजिनिअरांची संख्या त्यांना माहीत आहे.

कायदा होईपर्यंत ऐरोलीतल्या माझ्या सहकाऱ्याला मी एवढंच सुचवलंय की आधी २०२४ च्या नियमाप्रमाणे आपल्या नावाचं प्रमाणपत्र काढून घे. आणि पुढच्या नोकरीचं ऑफर लेटर आलं की पगाराची बोलणी करताना, सहीच्या आधी, एचआरला लेखी विचार: तुमच्या जर्मनीतल्या ऑफिसात शोधाचा मोबदला ज्या नियमाने देता, तो मला लागू कराल का?