तास भरले, पण ऐकलं कोणी?

मानसशास्त्रज्ञांच्या प्रशिक्षणात सुपरव्हिजनच्या, म्हणजे अनुभवी तज्ज्ञाने शिकाऊ माणसाचं काम तपासण्याच्या, तासांना केवढा मान! लॉगबुकात तास लिहा, सही घ्या, झालं. प्रशिक्षणार्थी बंद खोलीत क्लायंटशी नेमकं काय बोलला, हे सही करणाऱ्याने अनेकदा एकदाही ऐकलेलं नसतं.

सगळा कारभार सांगोवांगी. प्रशिक्षणार्थी सत्रातलं आठवेल तेवढं सांगतो आणि जिथे फसलं तेवढंच नेमकं गाळतो. का नाही गाळणार? समोरचाच गुण देणार असतो ना! आत्महत्येच्या विचारांबद्दल थेट विचारायचं सोडून 'तसं काही मनात नाही ना?' म्हणत त्याने क्लायंटच्या तोंडी नकार घातला, तरी वहीत 'जोखीम तपासली' एवढंच येतं. हे पकडायला रेकॉर्डिंगच हवं. क्लायंटची लेखी संमती घ्या, दहा मिनिटांचा तुकडा थांबवत थांबवत ऐका. आणि तो तुकडा सुपरव्हायजरने निवडायचा, नाहीतर समोर फक्त जमलेलंच येतं.

गटाने होणाऱ्या सुपरव्हिजनचं गणित तर विचारूच नका. एक तास, आठ जण. प्रत्येकी साडेसात मिनिटं, लॉगबुकात मात्र प्रत्येकाचा अख्खा तास!

चाचण्यांचंही तेच. बुद्ध्यांकाचा अहवाल वाचतात, मूळ उत्तरपत्रिका उघडत नाहीत. वय काढताना महिने चुकले की नॉर्म्सचा, म्हणजे त्या वयाच्या इतरांशी तुलनेचा, भलताच तक्ता लागू शकतो. सलग ठरावीक चुका होण्याआधीच उपचाचणी थांबवली की गुण नाहक कमी. मग 70 च्या सीमारेषेवर, 69 की 71 यावर एखाद्या मुलाची मदत अडते, आणि अहवालाखाली सह्या मात्र दोन-दोन.