झिरोचा बल्ब आणि माझी बोट

शनिवारी पुण्याच्या तापकीर गल्लीत, विजेच्या सामानाच्या बाजारात गेलो होतो, बोटीसाठी वायर आणायला. बोट म्हणजे खरंच बोट, शिडाची, तिघा मित्रांत मिळून घेतलेली सेकंडहँड, मुंबईला समुद्रात असते. खाऱ्या हवेने आतलं वायरिंग हिरवं पडलंय, म्हणून सगळंच नवीन करायचं ठरलं आणि मी दोन रविवार घालवून कशाला किती वीज लागेल याचा फुलस्केपवर हिशेब मांडला.

दुकानदाराला म्हटलं, टिन चढवलेली तांब्याची वायर हवी. तो म्हणाला, "किती बीएचके?"

बोटीचं सांगितलं तर शेजारी झिरोच्या बल्बसाठी उभे असलेले आजोबा वळले. "पुण्यात बोट? पानशेत परत फुटायचंय का?" १९६१ ला ते चौथीत होते, पाणी कुठवर आलं ते हात वर करून दाखवलं, आणि तोच हात खाली आणताना माझा कागद घेतला. पेनही. माझ्या खिशातलं.

"फ्रिज चार अँपिअर, निम्मा वेळ चालणार, दिवसाचे ४८ अँपिअर-तास. सुकाणू धरणारा ऑटोपायलट १८. दिवे, पंप धरून सत्तर. आणि बॅटरी शंभरची, लेड-अ‍ॅसिडची? अहो, ती रोज निम्म्याच्या खाली उतरवली की लवकर राम म्हणते. दोनशेची घ्या, नाहीतर लिथियम."

हे मला माहीत होतं. लिहिणारच होतो.

"पुढच्या लाल-हिरव्या दिव्याला वायर सात मीटर? करंट तिकडेच मुक्कामाला राहणार का? परत यायचाय ना तो, चौदा धरा. वायरमध्येच वाया जाणारा दाब, म्हणजे ड्रॉप, बारा व्होल्टात तीन टक्के धरला तर ०.३६ व्होल्ट, संपलं की लगेच!"

दुकानदाराने त्यांना स्टूल दिलं. मला नाही. गाडी सम-विषम तारखेच्या घोळात चुकीच्या बाजूला लावलेली, तिचा जीव वेगळाच टांगणीला, आणि इथे वीस रुपयांच्या बल्बासाठी लाल लावून बघ, मग पिवळा, मग परत लाल, देवघरात कुठला शोभेल यावर दुकानदाराचंही मत. माझं हजारोंचं बिल होणार होतं हो! पण गिऱ्हाईक ते, मी नुसता गर्दीला.

वायर काढायला तो वळला आणि एक वाजला. "आता चारनंतर."

पायरी उतरताना आजोबा म्हणाले, "लिथियम घेतलीत तर इंजिनवर बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर थेट जोडू नका, तापून जळेल."

अल्टरनेटर मी कागदावर धरलाच नव्हता. लिहून घ्यायला खिशात हात घातला तर पेन नाही, आणि आजोबा पासोड्या विठोबाच्या देवळापर्यंत पोचलेले.